झाकण्यापूर्वी : पडक्या गिलाव्यावर जिप्समच्या फळ्या

आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत नुसते अहवाल आणि छायाचित्रे नसावीत, घरोघरी उपयोगी पडेल असाही काही मजकूर असावा, असे संपादक मंडळाने ठरविले आणि आमच्या वाट्याला विषय आला तो भिंतींच्या पडक्या गिलाव्याचा. विषय ऐकून प्रथम आम्हास हसू आले. पण तो उगाच सुचलेला नाही. समारंभास येणारे सभासद व त्यांची कुटुंबे मोठ्या दालनात शिरून वर पाहतील तेव्हा त्यांस छत उघडेच दिसेल. ठिकठिकाणी खरवडलेले, कोठे नव्या मसाल्याचे करडे डाग असलेले. आणि मागच्या कोठीत तीस कोऱ्या पांढऱ्या फळ्या विटांवर आडव्या रचून ठेवलेल्या आढळतील. फळ्या आणल्या, पैसे मोजले, मग समारंभापूर्वी त्या लावल्या का नाहीत, असे अनेकांनी विचारले आहे. लावू नयेत म्हणून हट्ट धरणाऱ्यांत आम्ही होतो. तेव्हा उत्तर देण्याचे कामही ओघानेच आमच्याकडे आले.

आधी ही फळी म्हणजे काय ते सांगू. वर्गात ज्या खडूने आम्ही रोज लिहितो तो खडू आणि ही फळी ही एकाच मातीची भावंडे आहेत. दोहोंचे मूळ जिप्सम नावाच्या खनिजात आहे. आयुर्वेदात जी गोदंती म्हणतात ती हीच. भारतात जिप्समच्या खाणी मुख्यतः राजस्थानात, नागौर-बिकानेरच्या बाजूस आहेत. आपल्या सौंसरचे नाव भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांत 'सौंसर समूह' म्हणून मोठ्या मानाने येते, पण त्या खडकांत मँगनीज सापडते, संगमरवर सापडतो. जिप्समसाठी मात्र आपणास मारवाडाकडेच पाहावे लागते. जिप्समच्या वजनात सुमारे एकपंचमांश पाणी असते, आणि ते असे बांधलेले असते की हातास कोरडे लागते. परीक्षानळीत जिप्समची पूड तापविली की नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमतात. हा प्रयोग मुलांस फार आवडतो. सुमारे १२० ते १५० अंशांपर्यंत तापवून त्यातले पाऊण पाणी घालविले की उरते ते प्लॅस्टर ऑफ पॅरिस. त्यात पुन्हा पाणी कालविले की ते घटकाभरात दगडासारखे घट्ट होते. हे घट्ट होणारे पीठ दोन जाड कागदांच्या मध्ये लाटून वाळविले म्हणजे आपली फळी तयार झाली.

ही कल्पना अमेरिकेतील ऑगस्टिन सॅकेट ह्या गृहस्थाची. १८९४ साली त्याने पेटंट मिळविले; त्याच्या फळीत कागद आणि प्लॅस्टर ह्यांचे आळीपाळीने थर असत. तिकडील घरे बहुधा लाकडी सांगाड्याची. उभ्या खांबांमध्ये सोळा इंचांचे अंतर, त्यांवर लाकडाच्या अरुंद पट्ट्या ठोकलेल्या आणि त्या पट्ट्यांवर हाताने केलेला गिलावा. पन्नास-साठ वर्षांनी तो गिलावा पट्ट्यांपासून सुटू लागतो. सगळा काढावयाचा तर घरभर धूळ आणि गाडीभर राडा. त्याऐवजी पाव इंच जाडीची पातळ फळी जुन्या गिलाव्यावरच ठेवून, स्क्रू थेट मागच्या लाकडी खांबात पिळावयाचे, अशी युक्ती त्या देशात रूढ झाली. काम स्वच्छ, झटपट आणि दिसावयास सुरेख.

आता हीच युक्ती आपल्या गावात आणून पाहा. पांढुर्ण्याच्या जुन्या वस्तीतील घर घ्या की सौंसरच्या बाजारपेठेतील. भिंत दीड हात जाड, मातीत रचलेल्या विटांची किंवा दगडाची, वर चुन्याचा गिलावा, ज्यास आपले मिस्त्री छपाई म्हणतात, आणि त्यावर ईद-दिवाळीच्या निमित्ताने चढत गेलेले रंगाचे थर. स्क्रू पिळावा तर मागे लाकडी खांब नाही. मातीच्या सांध्यात तो फिरत राहतो. म्हणून पाव इंची फळी भरीव भिंतीवर थेट ठोकणे आपल्याकडे जमत नाही. आपल्या बाजारात मिळते ती बहुधा साडेबारा मिलीमीटरची, सहा फूट लांब आणि चार फूट रुंद. वजन साधारण एकोणीस-वीस किलो. ती जस्त चढविलेल्या पत्र्याच्या चौकटीवर बसवितात किंवा भिंत सपाट व सुकी असल्यास जिप्समच्याच चिकट मसाल्याचे गोळे लावून चिकटवितात. म्हणजे आपल्याकडे पातळ म्हणावयाची ती फळीसुद्धा अर्धा इंच जाड, आणि चौकट धरून भिंत दोन-अडीच इंच पुढे येते. लहान खोलीत तेवढेही जाणवते. खिडकीचे पाखे, दाराची चौकट, विजेच्या बटणांच्या पेट्या ही सर्व पुढे आणावी लागतात. हा हिशेब ठेकेदार सुरुवातीस सांगत नाही.

तरी फळी वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. उलट तिचे गुण मोठे आहेत. पाण्याची तराई करीत बसावे लागत नाही. आग लागल्यास फळीतील बांधलेले पाणी वाफ होऊन निघते आणि ते संपेपर्यंत मागची बाजू फारशी तापत नाही. वीस किलोच्या फळीत असे साडेतीन किलोहून अधिक पाणी असते. आणखी एक गुण फारसा कोणी सांगत नाही. जुन्या तैलरंगांत शिसे असे. घरगुती रंगांत शिसे किती असावे ह्यावर आपल्या देशात कायद्याने कडक मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. त्यापूर्वीचे थर कोरडे घासून काढले तर ती धूळ लहान मुलांच्या पोटात जाते. अशी सुकी, धड भिंत न घासता फळीने झाकणे हेच शहाणपणाचे होय.

परंतु हा 'सुकी, धड' शब्दच सगळ्याचे मर्म आहे. गिलावा आपण होऊन पडत नाही. त्यास कोणी तरी पाडतो. आपल्या भागात तो पाडणारे तिघे आहेत.

पहिली काळी माती. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पायाने उभे असलेले घर वर्षातून एकदा वर उचलले जाते आणि एकदा खाली बसते. भिंतीच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी, वर रुंद आणि खाली अरुंद अशी चीर दिसली तर ती बहुधा ह्याच हालचालीची. ती जिवंत आहे की जुनी होऊन थांबली आहे हे ओळखण्यास महाग यंत्र नको. चिरेवर आडवा प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा चपटा ठिपका लावावा आणि त्यावर पेन्सिलीने तारीख लिहावी. सहा महिन्यांत ठिपका तडकला तर चीर जिवंत आहे. तिच्यावर फळी बसविली तर सांधे उकलत राहतील, आणि चीर किती वाढली हे मात्र कळणार नाही.

दुसरा लोणा. जमिनीतले पाणी मातीच्या व विटांच्या बारीक छिद्रांतून वर चढते. खडूचे एक टोक शाईत बुडवून धरा, शाई कशी वर चढते ते मुलेही सांगतील. पाण्याबरोबर विरघळलेले क्षार येतात; पाणी उडून जाते, क्षार मागे राहून स्फटिक बनतात आणि आतून गिलाव्यास ढकलतात. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पोपडे आणि पांढरी बुरशीसारखी भुकटी दिसते ती ही. पुष्कळ घरांत त्यावर सिमेंटचा गिलावा चढविलेला आम्ही पाहिला आहे. चुन्याच्या गिलाव्यातून भिंत श्वास घेत असे. सिमेंटने तो कोंडला, आणि ओल आणखी वर चढून तिसऱ्या फुटाऐवजी पाचव्या फुटावर बाहेर आली. अशा भिंतीवर फळी चिकटविली तर कागदास बुरशी येते आणि मागून उधईस मेजवानी मिळते. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळलेले होते, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दाखविले गेले. किड्यांपासून गिलावा टिकण्यास त्यांचा उपयोग झाला असावा असे त्या संशोधकांचे मत आहे. जुन्या कारागिरांस किड्यांची आठवण होती. आजच्या फळीच्या दोन्ही अंगांस कागद आहे, तो कोणाचे अन्न आहे ह्याचा विचार घर मालकासच करावा लागतो. ओल ओळखण्याची रीत अशी : हातभर चौरस प्लॅस्टिकचा कागद भिंतीस चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावून दोन दिवस ठेवावा. आतल्या बाजूस दव जमले तर भिंत ओली. तिला चुन्याचा गिलावाच बरा, फळी नको.

तिसरा, आणि जीवावर बेतणारा, तो स्लॅबमधला गंज. त्याची ओळख आम्हास घरीच झाली.

आमच्या वडिलांनी १९८४ साली घराच्या मागच्या अंगास स्लॅबची एक खोली बांधविली. त्या खोलीत पुढे अम्मीची खाट आली. छताचा गिलावा जागोजाग फुगून पडू लागला होता. २०१९ साली आमच्या पुतणीचे लग्न ठरले. पाहुणे येणार, खोली नीट दिसावी, म्हणून बाहेरगावच्या एका ठेकेदारास बोलाविले. त्याने वर एकदा पाहिले, काठीने दोन पोपडे पाडले आणि तीन दिवसांत फळ्यांचे छत बसवून दिले. आम्ही विज्ञानाचे पदवीधर, शिक्षणशास्त्राचीही पदवी घेतलेले. पण वरच्या गच्चीवर पाणी कोठे तुंबते हे पाहण्यास चार पायऱ्या चढलो नाही. लग्नात सर्वांनी खोलीची तारीफ केली. छत खरोखरच नव्या वहीच्या पानासारखे दिसत होते.

२०२१ च्या श्रावणात त्या पानावर चहा सांडल्यासारखा डाग उमटला. आम्ही त्यावर रंग दिला. पुन्हा उमटला, पुन्हा रंग दिला. अम्मी म्हणाल्या, "रात्री वर काही तरी सरकल्यासारखा आवाज येतो." उंदीर असेल, असे आम्ही त्यांना सांगितले. दिवाळीच्या सुट्टीत शेवटी गावातल्याच एका वृद्ध गवंडीदादांना आणले. त्यांनी डागाशेजारची फळी दोन्ही हातांनी किंचित वर रेटली आणि आम्हास म्हणाले, "सर, आंधी खाट काढा इथून."

फळी उतरविली तेव्हा तिच्या पाठीवर स्लॅबचा एक सबंध तुकडा पालथा पडलेला होता. भंगारवाल्याच्या काट्यावर तो अकरा किलो भरला. तो सुटून फळीवर येऊन टेकला होता, आणि कागदामध्ये दाबलेल्या त्या अर्ध्या इंचाच्या, निम्म्या भिजलेल्या पिठाने त्यास पेलून धरले होते; नेमके खाटेच्या उशाकडे. वर लोखंडी सळया उघड्या पडल्या होत्या आणि त्यांचे पापुद्रे निघत होते. फळी नसती तर तुकडा केव्हाच पडला असता, असेही कोणी म्हणेल. पण फळी नसती तर तो फुगलेला आम्हास दिसला असता, आणि अम्मीची खाट तेथे राहिली नसती.

हे होते कसे? काँक्रीट ताजे असते तेव्हा त्यातील चुन्याच्या अंशामुळे ते अल्कधर्मी असते आणि त्या अवस्थेत सळईस गंज चढत नाही. वर्षानुवर्षे हवेतील कार्बन डायऑक्साइड आत झिरपतो व हा धर्म कमी होत जातो. सळईखाली काँक्रीटचे कवच पाऊण इंचाचे असावयास हवे. जुन्या कामांत ते बोटाच्या पेराएवढेही नसते. गच्चीतून पाणी मिळाले की गंज सुरू होतो, आणि गंज हा मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. ती जागा तो काँक्रीट फोडून मिळवितो. म्हणजे खाली पडतो तो गिलावा नव्हे, स्लॅबच होय. आणि फळ्यांची चौकट टांगावयाची ती ह्याच स्लॅबमध्ये भोके पाडून.

गवंडीदादांचे बोलणे आमच्या लक्षात राहिले आहे. "गळू झालं त आंधी पू काढा लागते सर. मंग पट्टी बांधा, सोन्याची बांधा."

त्यांनी केले ते क्रमाने असे. आधी गच्ची. परनाळ्यात पालापाचोळा भरून पाणी अडले होते. ते मोकळे केले, उतार नीट केला, भेगा भरून वर पाणी न मुरणारा थर दिला. मग खाली लहान हातोडीने सगळे छत ठोकून पाहिले. धड जागी खणखणीत आवाज येतो, सुटलेल्या जागी ढबढब. ढबढब तेवढे सगळे पाडले. सळया पाठीमागूनही मोकळ्या करून तारेच्या ब्रशाने लख्ख घासल्या, गंजरोधक लेप दिला आणि पॉलिमर घातलेला मसाला थराथराने भरला. सळई फारच बारीक झाली असती तर अभियंत्यास दाखविल्याशिवाय पुढे जावयाचे नाही, हे त्यांनी आधीच बजाविले होते. त्यानंतर एक सबंध पावसाळा छत उघडे ठेवले. डाग आला नाही. मग फळ्या लावल्या. त्या आजही आहेत.

लावण्याच्या कामाविषयी थोडे, कारण तेथेही चुका फार होतात. छताची चौकट दीड-दीड फुटावर हवी. ठेकेदार दोन-दोनवर नेतो, कारण त्यात पट्ट्या वाचतात, आणि मग दोन वर्षांत फळ्या पोट सोडतात. स्क्रू नऊ-नऊ इंचांवर, आणि त्याचे डोके कागदास किंचित दाबेल पण फाडणार नाही इतकेच आत. कागद फाटला की स्क्रू पिठात लटकतो, त्यास धरावयास काही उरत नाही. फळ्यांचे सांधे विटांप्रमाणे मोडून घ्यावेत, एका ओळीत आणू नयेत. सांध्यावर कागदी पट्टी आणि तीन हात मसाला, प्रत्येक हात आधीच्याहून रुंद आणि आधीचा वाळल्यावरच. घाईत एकाच हातात भरलेला सांधा पहिल्या उन्हाळ्यात रेघ दाखवितो. छत आणि भिंत दोन्ही करावयाचे तर छत आधी, म्हणजे भिंतीच्या फळ्या छताच्या कडांस आधार देतात. भिंतीची फळी फरशीस टेकवू नये. बोटभर अंतर ठेवून खाली लाकडी किंवा पी.व्ही.सी.ची पट्टी लावावी, नाहीतर फरशी पुसण्याचे पाणी शाईसारखे वर चढते. न्हाणीघरात आणि मोरीच्या भिंतीस साधी फळी लावूच नये. आणि पंखा! पंखा स्लॅबच्या आकड्यालाच टांगावयाचा, फळीच्या चौकटीस कदापि नाही. आकडाही गंजलेला नाही ना, हे फळी बसण्यापूर्वी पाहून घ्यावे. नंतर तो दिसत नाही.

अलीकडे फळीऐवजी चकचकीत पी.व्ही.सी. पट्ट्यांची छते गावोगाव दिसतात. त्यांस पाणी बाधत नाही हे खरे. पण मागे जे चालले आहे ते त्या अधिकच घट्ट झाकतात, डागसुद्धा उमटू देत नाहीत. आमच्या फळीने निदान डाग तरी दाखविला.

आता आपले दालन. हा स्लॅब आमच्या घरातल्यापेक्षाही जुना. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर तहसीलही त्यात आली. महोत्सवास दोन्हीकडची मंडळी जमणार, तेव्हा जुन्या इमारतीस नवे रूप द्यावे ही सर्वांची इच्छा साहजिक होती. फळ्या आल्या. त्या आल्या त्याच दिवशी आम्ही गवंडीदादांना घेऊन शिडीवर चढलो. पूर्वेकडील तिसऱ्या भागात, जेथे सायंकाळच्या अभ्यासवर्गाची मुले बसतात, तेथे हातोडीखाली सलग ढबढब ऐकू आली. समितीच्या बैठकीत त्या दिवशी बराच वाद झाला. समारंभाच्या तोंडावर छत उघडे ठेवणे शोभत नाही, पाहुण्यांस काय वाटेल, एका वर्षाने काय बिघडते, असे म्हणणारे आमचे वडीलधारेच होते आणि त्यांच्याविषयी आम्हास पूर्ण आदर आहे. आम्ही तेथे भाषण केले नाही. घरून आणलेला तो अकरा किलोचा तुकडा टेबलावर ठेवला.

ठराव झाला तो असा की मुलांची बैठक पश्चिमेकडील भागात हलवावी, गच्ची ह्याच हंगामात दुरुस्त करावी, सुटलेला भाग पाडून सळया अभियंत्याकडून तपासून घ्याव्यात, आणि एक पावसाळा कोरडा गेल्यावरच फळ्या चढवाव्यात. त्याप्रमाणे पाडण्याचे व भरण्याचे काम झाले आहे. छतावर जे करडे चौकोन दिसतात त्यांच्या कडेस पेन्सिलीने तारखा आहेत. त्या अभ्यासवर्गातील मुलांनी लिहिल्या आहेत. दर शुक्रवारी दोन मुले खालून बॅटरी लावून डाग आला का ते वहीत नोंदवितात. कोठीतल्या फळ्या आडव्या आहेत, जमिनीपासून वर आहेत आणि त्यांवर ताडपत्री घातलेली आहे. कोणी त्या उभ्या करून भिंतीस टेकवू नयेत, त्या वाकतात.